लोकहितदक्ष शास्त्रज्ञ हाफकिन

ठाणे जिल्ह्यात भिवंडी शहराला लागून शेलार नावाचे गाव आहे. अशा गावात लसीकरणाचा दिवस आला, म्हणजे आया आपल्या तान्ह्या मुलांना पोटाशी धरून आरोग्यकेंद्रात येतात. परिचारिका बाळाच्या तोंडात पोलिओच्या लसीचे दोन थेंब घालते, मांडीवर सुई टोचते. बाळ क्षणभर रडते आणि आईच्या कुशीत शिरून शांत होते. या लसीसाठी तेथे कोणी पैसे मागत नाही की जातपात विचारीत नाही. यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराचे मूल आणि माग बाळगणाऱ्या मालकाचे मूल, दोघांचा हक्क सारखाच असतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे असे आपणांस वाटतही नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी ती स्वप्नवत होती. रोगावर औषध शोधून काढणे हे अर्धेच काम होय. ते शेवटच्या घरापर्यंत पोचविणे हे उरलेले अर्धे काम. ही दोन्ही कामे ज्यांनी आपल्या शिरावर घेतली, असे एक परदेशी शास्त्रज्ञ महाराष्ट्राच्या भूमीवर राबून गेले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या शहरी झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. हाफकिन यांचे घराणे ज्यू होते. रशियात तेव्हा ज्यू लोकांचे जिणे मोठे कष्टाचे होते. त्यांना अनेक नोकऱ्या बंद होत्या, शिक्षणाच्या वाटाही अडविलेल्या होत्या, आणि मधून मधून त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत. अशा परिस्थितीत हाफकिन यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश मिळविला. मेचनिकॉफ नावाचे थोर प्राणिशास्त्रज्ञ तेथे शिकवीत असत. पुढे याच मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूंच्या सहवासात हाफकिन यांना सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाची गोडी लागली.

परंतु केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारा हा विद्यार्थी नव्हता. ज्यूंच्या वस्तीवर जमाव चालून आला, तेव्हा तिचे रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिनही उभे राहिले. त्या झटापटीत ते जखमी झाले आणि पोलिसांनी त्यांना अटकही केली. गुरूंनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम मिळाले. पण प्राध्यापक व्हावयाचे असेल तर आपला धर्म सोडावा, अशी अट त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. हाफकिन यांनी ती मानली नाही. मोठ्या पदापेक्षा स्वाभिमान मोठा, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकले होते.

मायभूमीत वाव नाही असे पाहून ते 1888 साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले आणि पुढील वर्षी पॅरिसला आले. पॅरिस येथे लुई पाश्चर यांची जगद्विख्यात संस्था नुकतीच सुरू झाली होती. मेचनिकॉफही तेथेच काम करीत होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथालयातील एक साधी नोकरी. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. ग्रंथालयातील काम आटोपले, की उरलेला सारा वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

त्या काळी पटकी म्हणजे कॉलरा या रोगाने जगात कहर मांडला होता. सकाळी धडधाकट दिसणारा माणूस संध्याकाळपर्यंत दगावे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने या रोगाचे जंतू ओळखले होते. पण त्यांना आवर घालणारी खात्रीची लस कोणाला साधली नव्हती. हाफकिन यांनी अपार परिश्रम करून ती तयार केली. प्राण्यांवर तिचा गुण दिसून आला. आता ती माणसाला सोसेल की नाही, हा प्रश्न होता. दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात घालणे त्यांना मान्य नव्हते. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. पण थोड्याच दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती टोचून घेतली.

लस निर्धोक आहे हे कळले. पण ती उपयोगी पडते की नाही हे कळावयाचे, तर जेथे पटकी दरवर्षी येते तेथेच जावयास हवे होते. हिंदुस्थानात गंगेच्या खोऱ्यात हा रोग ठाण मांडून बसलेला होता. म्हणून 1893 साली हाफकिन कलकत्त्यास आले. येथे त्यांची खरी कसोटी लागली. हाफकिन हे वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे अनेक इंग्रज डॉक्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत. ज्यांच्यासाठी ते आले होते त्या गोरगरिबांनाही हा परका मनुष्य सुई घेऊन का फिरतो, हे कळत नसे. एकदा एका वस्तीत लोकांनी त्यांच्यावर दगडफेक केली. तेव्हा मागे न फिरता त्यांनी लोकांदेखत आपल्यातील एकाला ती लस टोचून दाखविली आणि जमाव शांत झाला, अशी हकीकत सांगतात.

कलकत्त्याच्या काठाल बागान या गरीब वस्तीत 1894 साली पटकीचा शिरकाव झाला. वस्तीतील सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी निघाले. लस घेतलेला एकही जण त्यांत नव्हता. ही वार्ता पसरली आणि लोक आपण होऊन पुढे येऊ लागले. हाफकिन गावोगाव हिंडले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. या दगदगीत त्यांना हिवतापाने गाठले व 1895 साली काही काळ युरोपात परतावे लागले. पण प्रकृती जरा सावरताच ते पुन्हा हिंदुस्थानात हजर झाले.

इतक्यात मुंबईवर मोठे संकट कोसळले. 1896 च्या सप्टेंबर महिन्यात डॉ. ॲकॅसियो व्हिएगस यांना मांडवी भागातील एका रोग्याच्या ठिकाणी प्लेगची लक्षणे आढळली. गोदीजवळच्या धान्याच्या वखारी, तेथील उंदीर आणि अंधाऱ्या, कोंदट चाळी यांमुळे हा रोग वणव्यासारखा फैलावला. प्रथम उंदीर पटापट मरून पडत. मग माणसांच्या काखेत वा जांघेत गाठ येई, सणसणून ताप भरे आणि बहुतेक रोगी काही दिवसांतच प्राणास मुकत. लोकांच्या पाचावर धारण बसली. लक्षावधी माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोचला. गिरण्या ओस पडल्या, बाजार सुने झाले. पुण्यात तर घराघराची झडती घेण्यासाठी गोरे सोजीर आणण्यात आले. त्यांच्या जुलमाने लोक रोगाइतकेच सरकारलाही भिऊ लागले. त्या भीषण काळात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. ती सेवा करतानाच त्यांना रोगाची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे देहावसान झाले.

सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईस बोलावून घेतले. ते 1896 च्या ऑक्टोबर महिन्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रयोगशाळेसाठी एक खोली आणि एक ओसरी मिळाली. माणसे मोजकीच, साधने अपुरी आणि हाताळावयाचे होते ते प्लेगचे जिवंत जंतू! त्यांच्या सहायकांपैकी कोणी खचून गेला, कोणी काम सोडून गेला. पण हाफकिन दिवसरात्र राबत राहिले.

लस तयार करण्याची त्यांची रीत मोठी मनोरंजक होती. काचेच्या पात्रात मांसाचा रस भरून त्यात ते प्लेगच्या जंतूंची पैदास करीत. त्या रसावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. आपल्या स्वयंपाकघरातील हे साधे तूप त्यांच्या फार उपयोगी पडले. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. पात्र हलविले, की ती वाढ तळाशी जाई आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी रसात पुरेसे जंतू जमले, म्हणजे तो तापवून ते मारण्यात येत. हे मेलेले जंतू शरीरात गेले, की शरीर खऱ्या शत्रूशी झुंजण्यास आधीच सज्ज होते. हिंदूंना गोमांस वर्ज्य आणि मुसलमानांना डुकराचे मांस वर्ज्य, हे जाणून हाफकिन यांनी रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले. ज्यांना औषध द्यावयाचे त्यांच्या मनाचाही विचार करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा तेच उत्तर! 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तीही थोडीथोडकी नव्हे. पुढे लोकांना देण्यात आली तिच्या कितीतरी पट. त्यांना ताप भरला, अंग ठणकू लागले; तथापि ते आपल्या कामात खंड पडू न देता वावरत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. पुढील काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी 12 जण आजारी पडले व त्यांतील 6 दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि ते दोघेही वाचले.

बडोद्याजवळील उंढेरा या गावी 1898 साली याहून स्पष्ट पुरावा मिळाला. प्लेगने ग्रासलेल्या कुटुंबांत निम्म्या माणसांना लस देण्यात आली व निम्म्यांना दिली गेली नाही. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 3 मरण पावले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 26 मरण पावले. लस घेतल्यावर प्लेग होतच नसे, असे नाही. हाफकिन यांनीही तसा डौल कधी मिरविला नाही. परंतु मरणाच्या दारातून माणसे मोठ्या संख्येने परत येत होती, हे या आकड्यांवरून कोणालाही दिसून येई.

तरीदेखील लोकांचा विश्वास संपादन करणे सोपे नव्हते. लसीत विष असते, ती टोचली की धर्म बुडतो, अशा नाना अफवा पिकत होत्या. सोजिरांच्या जबरदस्तीने पोळलेले लोक सुईलाही भीत होते, यात नवल ते काय? ही लस ज्याने त्याने आपखुशीनेच घ्यावयाची होती. कोणाला धरून आणून ती टोचण्यात येत नसे. म्हणून समाजातील मान्यवर पुढे आले, की लोकांना धीर येई. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. ती एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा घेतली. ते पाहून हजारो खोजा स्त्रीपुरुषांनी लस घेतली. पुढे आगाखानांनी माझगाव येथील आपला एक वाडाही प्रयोगशाळेसाठी दिला.

लसीची मागणी वाढू लागली, तशी जागा अपुरी पडू लागली. अखेर परळ येथील जुना राजवाडा सरकारने या कामासाठी मोकळा करून दिला. एके काळी मुंबईचे गव्हर्नर या वाड्यात राहत असत. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीला येथेच पटकीने मृत्यू आला होता. राजवाड्याच्या भिंतीही रोगाला थोपवू शकत नाहीत, याची ती साक्षच होती. 10 ऑगस्ट 1899 रोजी त्याच वाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. जेथे मेजवान्या होत तेथे आता बाटल्यांच्या रांगा लागल्या. परळहून लस देशाच्या कानाकोपऱ्यांत व परदेशांतही जाऊ लागली. 1925 पर्यंत येथून प्लेगच्या लसीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी गुप्त औषधांचा व्यापार जोरात चाले. बाटलीत काय आहे हे न सांगता भरमसाट किंमत घेणारे विक्रेते देशोदेशी होते. रॉबर्ट कॉख यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही क्षयावरील आपल्या औषधाची घटना 1890 साली प्रथम लपवून ठेवली होती. प्लेगच्या भयाने जग ग्रासलेले असताना हाफकिन यांनीही आपली कृती गुप्त ठेवली असती, तर त्यांना अमाप पैसा मिळाला असता. परंतु त्यांनी तसे केले नाही. लस कशी करावी, किती द्यावी, तिचा गुण कोठे आला व कोठे आला नाही, हे सारे त्यांनी व्याख्यानांतून व लेखांतून जगापुढे मांडले. ती लस कोणा एका व्यापाऱ्याच्या दुकानात अडकून पडली नाही. सार्वजनिक प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि लोकांपर्यंत पोचली.

मात्र लोकांची सेवा करणाऱ्यालाही दुर्दैव चुकत नाही. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात 107 लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका बाटलीतील लस ज्यांना दिली होती, त्या 19 जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. सर्वत्र एकच खळबळ उडाली. चौकशी समितीने बाटली परळ येथेच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. लस अधिक लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी तिच्या कृतीत एक बदल केला होता. कार्बोलिक ॲसिड न घालता ते केवळ उष्णतेने जंतू मारीत. पाश्चर संस्थेत ही रीत रूढ होती. तरी दोष याच बदलावर ठेवण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. 1904 साली ते खिन्न मनाने हा देश सोडून गेले. ज्यांनी दोनदा आपल्या देहावर लसीचा प्रयोग केला, त्यांच्यावरच निष्काळजीपणाचा ठपका आला.

हाफकिन यांनी आरडाओरडा केला नाही. पण अन्याय मुकाट्याने गिळलाही नाही. आपली बाजू पुराव्यांनिशी मांडण्याचे काम ते वर्षानुवर्षे चिकाटीने करीत राहिले. हळूहळू सत्य उजेडात आले. लस टोचण्याच्या वेळी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय, ते बाटलीत आधीपासून वाढले असते, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती; तशी ती आली नव्हती. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांचा कैवार घेतला. 29 जुलै 1907 रोजी दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून हाफकिन निर्दोष आहेत, असे जाहीर केले. सरकारलाही ते मान्य करावे लागले.

या पाच वर्षांत हानी एकट्या हाफकिन यांचीच झाली असे नाही. मुलकोवालच्या वार्तेने लोकांचा लसीवरील विश्वास डळमळला, आणि प्लेग तर देशभर थैमान घालीतच होता. औषधाच्या कामी विश्वास किती मोलाचा असतो आणि तो एका निष्काळजी क्षणाने कसा ढासळतो, याचा हा मोठा धडा होय.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन हिंदुस्थानात परत आले. परंतु त्यांना परळची प्रयोगशाळा मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि तेथेही लोकांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. मनातील सल मनातच ठेवून ते काम करीत राहिले. सेवानिवृत्तीचे वय होताच ते युरोपात परतले. अखेरची वर्षे त्यांनी एकान्तात काढली. ते अविवाहित होते. आपली सर्व संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी एक समाधान मात्र त्यांच्या वाट्यास आले. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ज्या दारातून त्यांना बाहेर जावे लागले होते, त्याच दारावर त्यांचे नाव कोरले गेले.

हाफकिन गेले; पण त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. सर्पदंशावरील प्रतिविष व श्वानदंशावरील लस तयार करण्याचे काम या संस्थेने केले. 1932 पासून 1949 पर्यंत साहिबसिंग सोखे हे संस्थेचे प्रमुख होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. सल्फा वर्गातील औषधांचा प्लेगवर उपयोग होतो, हे त्यांनी व डॉ. दीक्षित यांनी येथेच प्रयोगांनी दाखविले. आपली औषधे आपल्या देशातच आणि स्वस्त तयार झाली पाहिजेत, असा सोखे यांचा आग्रह असे. स्वातंत्र्यानंतर पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो याच विचारामुळे.

परंतु कारखाना काढला म्हणजे सारे झाले, असे नव्हते. वाटेत एक नवी अडचण होती. एखाद्याने नवी वस्तू शोधून काढली, की काही वर्षे ती इतर कोणी करू नये, असा हक्क सरकार त्याला देते. या हक्काला पेटंट किंवा एकस्व म्हणतात. संशोधकाच्या श्रमाचे चीज व्हावे आणि त्याने आपला शोध जगापुढे उघड करावा, हा यातील हेतू चांगलाच आहे. पण औषध ही काही खेळण्यासारखी वस्तू नव्हे. खेळणे महाग असले तर मूल हट्ट सोडून देते. औषध महाग असले तर रोग्याला जीव सोडावा लागतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अनेक औषधांची पेटंटे परदेशी कंपन्यांच्या हाती होती आणि त्यांच्या किमती गरिबांना परवडत नसत. म्हणून भारताच्या संसदेने 1970 साली नवा कायदा केला. त्यानुसार पेटंट औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या कृतीवर मिळू लागले. तेच औषध निराळ्या कृतीने तयार करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, आणि भारतीय कारखान्यांची स्वस्त औषधे जगातील अनेक गरीब देशांपर्यंत पोचली.

पुढे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारामुळे 2005 पासून औषधांवर पुन्हा पेटंट देण्यात येऊ लागले. तथापि लोकहितासाठी एक दार उघडे ठेवण्यात आले आहे. पेटंट असलेले औषध लोकांना परवडत नसेल, तर ते दुसऱ्यास तयार करू देण्याचा परवाना सरकार देऊ शकते. त्यावेळी मूळ मालकाला ठराविक मोबदला मिळतो. असा पहिला परवाना 2012 साली मुंबईच्या पेटंट कार्यालयाने दिला. कर्करोगावरील ज्या औषधाला महिन्याला सुमारे पावणेतीन लाख रुपये पडत, ते त्यामुळे नऊ हजार रुपयांच्या आत मिळू लागले. परळच्या प्रयोगशाळेत हाफकिन यांनी कृतीने दिलेले उत्तर पुढे त्याच मुंबईत कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना 7 एप्रिल 1948 रोजी अमलात आली. शक्य तितके उत्तम आरोग्य मिळणे हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क आहे, असे तिने मान्य केले. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानातही सांगितले आहे. परंतु हक्क कागदावर उमटण्यापूर्वी तो कोणाच्या तरी अंतःकरणात उमटावा लागतो. आपल्याच देशात ज्यांना शिक्षणासाठी व नोकरीसाठी झगडावे लागले, त्या हाफकिन यांनी परक्या देशातील झोपडीत राहणाऱ्या माणसाचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा मानला.

1975 साली लस तयार करण्याचे काम हाफकिन संस्थेपासून वेगळे करून महाराष्ट्र शासनाच्या हाफकिन महामंडळाकडे देण्यात आले. पोलिओच्या लसीच्या असंख्य बाटल्या परळच्या याच आवारातून देशभर गेल्या. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. शेलारसारख्या गावातील बाळाच्या ओठांवर पडणाऱ्या त्या दोन थेंबांमागे एवढा मोठा इतिहास आहे. ते थेंब पाजणाऱ्या आईला हाफकिन हे नाव ठाऊक असेल वा नसेल. पण तिच्या बाळाला जे औषध मिळते, ते मागून घेतलेले दान नसून त्याचा हक्क आहे. तो हक्क प्रत्येक बाळाला मिळत राहील हे पाहणे, हेच हाफकिन यांचे खरे स्मारक होय.